काचेमागचे ओठ

१

मागावरचा ताणा आडवा कापलेला होता. शेकड्यांनी उभे धागे एका रेषेत तुटून खाली लोंबत होते, जणू कुणाचे लांबसडक केस मानेपाशी एका झटक्यात उतरवावेत. जेवणाची सुट्टी संपवून बाया शेडमध्ये परतल्या, तेव्हा हे सगळं त्यांची वाट बघत होतं. आणि मागाच्या चौकटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी, टिटवीची कात्री ठेवलेली होती.

टिटवी म्हणजे त्या मागावरची विणकरीण. एकदा बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून हे नाव. दिवस मावळायच्या आत मॅनेजरने तिला कामावरून काढलं. कारण दिलं, मालाची मुद्दाम नासधूस. काम गेलं की गिरणीने दिलेली खोलीही जाणार होती, आणि त्या खोलीत तिचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. महिनाअखेर खोली रिकामी करा, असा निरोप आला.

टिटवीने कामगार खात्यात तक्रार केली. खात्याने चौकशीला बाई पाठवली. गिरणीत तिला सगळे चौकशीबाईच म्हणायचे. मनाने मऊ, बोलायला सावकाश, आणि विचारात पडली की देवाचं काहीबाही गुणगुणायची. त्या दिवसांत मात्र तिचा घसा बसला होता, त्यामुळे गुणगुणणंही बंद.

"ताणा मी कापला नाही," टिटवी वडिलांच्या उशाशी बसून सांगत होती. "आम्ही संघटना उभी करत होतो. कळलं त्यांना. काटा काढायचा होता, काढला."

"संघटना केली म्हणून कुणाला काढता येत नाही, हलवता येत नाही, छळताही येत नाही," चौकशीबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कायदा तुझ्या बाजूचा आहे, बाळ. पण मॅनेजर म्हणतो, संघटनेचं मला ठाऊकच नव्हतं. त्याला आधीपासून ठाऊक होतं एवढं मला दाखवावं लागेल. तुमच्या बैठका कुठे व्हायच्या? कुणी बघितलं असेल?"

टिटवी पहिल्यांदा हसली. "सगळ्यांनी बघितल्या. भर शेडमध्ये, माग चालू असताना. बाई, तिथे कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. आम्ही ओठांनी बोलतो, आवाज न काढता. नव्या पोरीला धागा जोडायच्या आधी ओठ वाचायला शिकवतात. माग दुरुस्त करणारा जॉबर शेजारून गेला तरी त्याला वाटतं, गाणं पुटपुटतायत."

"मग बातमी फुटली कशी?"

टिटवीचं हसू मावळलं. अंथरुणावरच्या म्हाताऱ्याने मान भिंतीकडे वळवली.

"मला काढलं, एकीला गोदामात टाकलं, एकीला घरी बसवलं. आणि माझी मैत्रीण, माझ्याच समोरच्या मागावरची, माझ्याइतकीच पुढे असलेली, तिच्या केसालाही धक्का नाही. आता मी काय समजायचं?" ती थांबली. "नाहीतर मग मोठीआईने सांगितलं असेल. ती वरच्या काचेतून बघते."

"तिलाही बोलावून घेऊ या."

"ती कशी येईल, बाई? ती वारली."

२

मॅनेजरची खोली शेडच्या वरच्या मजल्यावर होती. दार लावलं की खालच्या मागांची घरघर पायांच्या तळव्यांना लागायची, कानाला नाही.

"मॅडम, मी साधा माणूस आहे," मॅनेजर म्हणाला. "कुणी संघटना करो, भजन करो, मला काय त्याचं? खात्याची नोटीस आली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या बाईंचं असं काही चाललं होतं. मी तिला काढलं ते ताणा कापला म्हणून. कात्री तिची. माग तिचा. आणखी काय हवं?"

एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, आणि तो खुर्ची वळवून बोलत बसला. खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात एक म्हातारी बाई कपबशा पुसत होती. डोक्यावरून पदर, वाकलेली पाठ. तिच्या मागे पत्र्याच्या डब्याचं झाकण घरंगळून खाली पडलं आणि केवढा तरी खणखणाट झाला. मॅनेजर फोनवर चडफडला. म्हातारीने वळूनही पाहिलं नाही.

चौकशीबाईला खोकल्याची उबळ आली. घसा इतका बसला होता की "पाणी" म्हणायला तोंड उघडलं तर नुसते ओठ हलले. पण म्हातारीची नजर नेमकी तिच्याकडे होती. ती लगबगीने आली, पाण्याचा पेला पुढे केला आणि मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"बिचारी मायाळू आहे," फोन ठेवत मॅनेजर म्हणाला. "आमच्या घरचीच. बंगल्यातून मागच्या जिन्याने येते, चहा करते, जाते."

"शेडवर ती काचेची खोली आहे ना, सज्जावर? मला ती बघायची आहे."

"ती? पूर्वी तिथे सुताचा हिशेब ठेवायचे. आता बंद आहे. किल्ली कुठे गेली देव जाणे." मॅनेजर हसला. "बायांनी तुम्हालाही भुताची गोष्ट सांगितली वाटतं. मॅडम, सुतावरून स्वर्ग गाठू नका."

"काय करू, साहेब," चौकशीबाई उठत म्हणाली. "तुमच्या गिरणीत सुताशिवाय हाताला दुसरं काही लागतच नाही."

३

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि आवाज अंगावर कोसळला. धोटे इकडून तिकडे फेकले जात होते, जमीन थरथरत होती, हवेत कापसाची बारीक कुसं तरंगत होती. आणि त्या गदारोळात बाया शांतपणे बोलत होत्या. ओठ हलत होते, भुवया उडत होत्या, कुणी हसत होतं, कुणी कुणाला दटावत होतं. चौकशीबाईच्या अंगावर काटा आला. जित्याजागत्या माणसांची भुतं बघावीत तसं ते दिसत होतं.

मागांच्या ओळी समोरासमोर होत्या. एका ओळीतल्या बायांची तोंडं सज्जाकडे, त्यांच्या समोरच्या ओळीतल्यांची पाठ सज्जाकडे. वर, ऊन पडलेल्या भिंतीत, ती काचेची खोली. काचांवर कापसाची धूळ साचून त्या आंधळ्या झाल्या होत्या. टिटवीचा माग सज्जाकडे तोंड असलेल्या ओळीत होता. शेजारच्या मागावरचा सांधा दुरुस्त करत जॉबर उभा होता. मागांची देखभाल त्याच्याकडे; धिप्पाड माणूस, हाताला कायमचं काळं तेल.

चौकशीबाईने त्याला बाहेरच्या व्हरांड्यात आणलं.

"जॉबरदादा, मोठीआई कोण?"

"आमच्या शेडची आई म्हणा. सगळ्या पोरींना तिनेच ओठ वाचायला शिकवलं. मागाच्या आवाजाने ठार बहिरी झाली, मग कामावरून कमी केली. भावाकडे लांब गेली आणि तिकडेच वारली, असं मॅनेजरसाहेबांनी सांगितलं. आम्ही तिचा माग बंद ठेवून सगळे उभे राहिलो होतो." त्याने हात पुसले. ते आधीच पुसलेले होते. "पण ती जायला तयार नाही. वरच्या काचेत दिसते. जिला दिसली तिची चूल विझते. टिटवीला दिसली. त्या दोघींना दिसली. बघा मग."

"बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना नाही."

"आणि कापलेला ताणा तुम्ही बघितलात?"

"बघितला."

"मीही बघितला, जपून ठेवलाय तो. मला मागातलं काही कळत नाही, म्हणून एका जुन्या विणकराला दाखवला. तो म्हणाला, ताणलेला ताणा तसाच कापला तर धागे सटकन उसळतात, फणीत गुंततात, कधी फणीच वाकते. इथे धागे सरळ लोंबत होते आणि फणीला ओरखडासुद्धा नव्हता. म्हणजे कुणीतरी आधी, ज्यावर ताणा गुंडाळलेला असतो त्या मागच्या बीमचा ताण सैल केला आणि मग कापलं. रागाच्या भरात नासधूस करणारी बाई मागाची इतकी काळजी घेईल का हो?"

जॉबर पुन्हा हात पुसू लागला.

"बीम सैल करायची चावी कुणाकडे असते, दादा?"

तो वळला. शेडमध्ये शिरला आणि आवाजाने त्याला गिळून टाकलं. पाठमोरा जाताना त्याने, सवयीनेच, वाटेतल्या मागावर असा हात फिरवला की जणू झोपलेल्या लेकराला थोपटावं.

ताणा कुणी कापला, हे चौकशीबाईला कळलं. पण हे अर्धंच होतं. जॉबर कुणाच्या तरी सांगण्यावरून वागला, आणि सांगणाऱ्याला टिटवीचं नाव कुणी दिलं, हा धागा अजून अधांतरीच लोंबत होता.

४

मैत्रिणीला सगळे सावली म्हणायचे, कारण ती टिटवीच्या मागे मागे असायची. आता तिच्याजवळ कुणी बसत नव्हतं. गिरणीच्या नळापाशी ती एकटी हात धूत होती, आणि बाकीच्या बाया तिला टाळून पलीकडच्या नळावर गर्दी करून उभ्या होत्या.

"बाई, एक मागू?" चौकशीबाई जवळ जाताच ती म्हणाली. "मला कामावरून काढायला सांगा हो."

"हे काय मागणं?"

"मी स्वतः मॅनेजरकडे गेले होते. म्हटलं, मी पण संघटनेत आहे, मलाही काढा. तो म्हणाला, कसली संघटना, जा, काम कर. सगळ्यांना वाटतं मी चहाडी केली. टिटवीने माझ्याकडे बघणं सोडलं, बाई. मागावर समोर उभी राहायची, दिवसभर तिचं तोंड माझ्याकडे. आता तो माग रिकामा आहे आणि मी तिकडेच बघत विणते." तिने तोंडावर पाणी मारलं, रडल्याचं दिसू नये म्हणून. "चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच."

"तुला मोठीआई दिसली कधी?"

"मला कशी दिसेल? माझी पाठ असते सज्जाकडे. टिटवीला दिसायची. बोलता बोलता मध्येच थबकायची आणि वर बघायची. एकदा मला म्हणाली, 'मोठीआई ओठ हलवतेय गं. मला म्हणाली, जपून राहा.' माझ्या तर पाचावर धारण बसली. मेलेलं माणूस कशाला असं म्हणेल?"

चौकशीबाई विचारात पडली. घसा बरा होत आला होता; नकळत ती काहीतरी गुणगुणू लागली, आणि गुणगुणता गुणगुणता थांबली.

"त्या दोघी, गोदामात टाकलेली आणि घरी बसवलेली, त्या कुठल्या ओळीत उभ्या राहायच्या?"

"टिटवीच्याच. तिच्या दोन्ही अंगाला."

"आणि तुझ्या ओळीत संघटनेतल्या किती?"

"निम्म्या. का?"

"त्यांच्यातल्या कुणाला काही झालं?"

सावलीने ओल्या हातांनी पदर धरला. "नाही," ती हळूच म्हणाली. "कुणालाच नाही."

चौकशीबाई तशीच शेडमध्ये गेली. टिटवीच्या मोकळ्या जागेवर उभी राहिली आणि वर पाहिलं. सगळ्या काचा धुळीने आंधळ्या. फक्त खालच्या कोपऱ्यातल्या एका काचेवर गोल आरशाएवढी जागा स्वच्छ होती. आतून पुसलेली. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं जिथे येईल, बरोबर त्या उंचीवर.

भिंतींना कान असतात, असं आपण म्हणतो. या भिंतीला डोळे होते, आणि मेलेल्या माणसाला काच पुसून बघायची गरज पडत नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर खात्यात चौकशीला निघून गेल्यावर चौकशीबाई त्याच्या बंगल्याच्या मागच्या दारी उभी राहिली. चहा करणारी ती म्हातारी ओट्याशी भांडी घासत होती. चौकशीबाईने दार वाजवलं, हाक मारली. काही नाही. मग ती फिरून खिडकीसमोर गेली. म्हातारीने मान वर केली.

चौकशीबाईने आवाज न काढता, ओठ नीट उघडत विचारलं, "मोठीआई?"

म्हातारीच्या हातातलं भांडं पाण्यात बुडालं.

"ते नाव आता कुणी घेत नाही," ती म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, चढउतार नसलेला. "पोरींनी टाकलं मला. बहिरी झाले, म्हणून नको झाले. साहेब म्हणाले, कुणी विचारायलाही आलं नाही."

"त्यांना सांगितलं की तुम्ही वारलात."

म्हातारी तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग जवळ आली, आणि लहान मूल करतं तसं बोट तिच्या ओठांजवळ नेऊन म्हणाली, "पुन्हा म्हणा. माझं चुकलं असेल वाचायला."

चौकशीबाईने पुन्हा म्हटलं. मग पुढचंही सांगितलं, "टिटवी वाट बघतेय. चला."

६

खात्याच्या चौकशीच्या खोलीत सगळे बसले होते. मॅनेजरने आपलं तेच पालुपद लावलं होतं: मला ठाऊक नव्हतं.

"बरं," चौकशीबाई म्हणाली. "टिटवी, तू आणि त्या दोघी या टेबलापाशी उभ्या राहा, मागावर राहता तशा. सावली, तू तिच्या समोर. साहेब, तुम्ही तिथेच बसून राहा. तुम्ही सज्जावरची काच."

बाया उभ्या राहिल्या. टिटवीने सावलीकडे न बघता नजर तिच्या खांद्यावर ठेवली.

"साहेब, तुम्हाला तिथून कुणाची तोंडं दिसतात?"

मॅनेजर समोरचे कागद चाळू लागला.

"मी सांगते. तिघींची दिसतात. ज्यांना शिक्षा झाली, नेमक्या त्या तिघींची. सावलीची दिसते ती वेणी. चहाडी सावलीने केली असती तर तिने आपल्याच ओळीतल्यांना का वाचवलं असतं, आणि तेही अर्ध्या ओळीला? इथे माणसं स्वभावाप्रमाणे निवडली गेली नाहीत, तोंडाच्या दिशेप्रमाणे निवडली गेली." ती बायांकडे वळली. "पोरींनो, जिला मोठीआई दिसली तिची चूल विझते, असं तुम्ही म्हणता. उलटं आहे ते. तुम्हाला ती दिसली म्हणून काही झालं नाही. तिला तुम्ही दिसलात, म्हणून झालं."

तिने बाजूचं दार उघडलं.

मोठीआई आत आली तेव्हा गोदामातली खाली बसली. दुसरीने भिंतीचा आधार घेतला. जॉबर उभा राहिला आणि उभाच राहिला.

"ही बाई बहिरी आहे," मॅनेजर म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता. "ती काय साक्ष देणार?"

"बहिरी आहे, साहेब. आंधळी नाही. आणि साक्ष देणाऱ्याला त्रास दिला तर तोही गुन्हाच, हे आधीच सांगून ठेवते. टिटवी, तू विचार. सावली, तू मला सांगत जा."

टिटवीने विचारलं. खोलीत आवाज नव्हता. फक्त ओठ हलत होते, इकडून आणि तिकडून, आणि मध्ये सावलीचा बारीक आवाज.

"टिटवी विचारते, तू वर का बसायचीस... ती म्हणते, साहेब म्हणाले, पोरी काहीतरी धोक्याचं करतायत, जिवावर बेतेल. तू त्यांची आई, तू बघ. काय बोलतात ते मला सांग, मी त्यांना सांभाळून घेतो... विचारते, नावं सांगितलीस?... म्हणते, सांगितली. संघटना म्हणालात तेही सांगितलं. ताणा कापला त्याच्या कितीतरी आधी... ती म्हणते, मग एकेक तोंड शेडमधून दिसेनासं झालं. साहेब म्हणाले, त्यांना दुसरीकडे चांगलं काम दिलंय. म्हणते, मला बरं वाटायचं." सावलीने मोठीआईकडे पाहिलं. "म्हणते, तुम्हाला बघायला मिळायचं म्हणून मी रोज जायचे. मधूनमधून बोलायचेही. तुम्हाला वाटायचं मी मेलेय, ते मला ठाऊक नव्हतं."

आपली आजी म्हणायची ते चौकशीबाईला आठवलं: वरून बघणारा एकच, आणि तो कधी चहाडी करत नाही. पण तो साक्षीलाही येत नाही. साक्षीला माणूसच लागतो.

"ताण मी सैल केला," जॉबर एकदम म्हणाला. त्याने मॅनेजरकडे बघितलं नाही. "साहेबांनी सांगितलं, ताणा काप, तिची कात्री ठेव, नाहीतर तू जा. मी कापला. पण फणी मोडवेना मला. माग लेकरासारखा असतो." तो मोठीआईकडे वळून तेच पुन्हा, आवाज न काढता, म्हणाला. तिने मान फिरवली.

निकाल त्याच बैठकीत लिहिला गेला. मॅनेजरला संघटनेचं आधीपासून ठाऊक होतं, ताणा हा बहाणा होता, तिघींना काढणं आणि हलवणं बेकायदा. तिघी आपापल्या मागावर परत. टिटवीची खोली टिटवीचीच. मॅनेजरविरुद्ध वेगळी कारवाई. चौकशीबाईने सही केली आणि मान वर केली.

टिटवी सावलीसमोर उभी होती. बोलणारी टिटवी, आणि तिला शब्द सुचत नव्हता. तिने फक्त सावलीची वेणी खांद्यावरून पुढे ओढली, जोरात, भांडणातल्यासारखी, आणि सोडली नाही.

मोठीआई आपलं बोचकं घेऊन दाराशी एकटी उभी होती. जायला घर नव्हतं. बंगल्यात परत जाणं शक्य नव्हतं. "माझ्याच डोळ्यांनी तुमच्या चुली विझवल्या," ती मोठ्याने म्हणाली. किती मोठ्याने, ते तिला कळत नव्हतं. "त्यापेक्षा मेलेलीच बरी होते."

टिटवीने वेणी सोडली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली. ओठ भराभर हलले. म्हातारी टक लावून वाचत होती. मग तिचा चेहरा चुरगळला आणि त्या चुरगळण्यातून एक हसू फुटलं. टिटवीने तिचं बोचकं उचललं, आणि दोघी जिन्याकडे निघाल्या.

"काय म्हणाली गं ती?" चौकशीबाईने सावलीला विचारलं.

सावलीने डोळे पुसले. बैठकभर तिने शब्द न् शब्द सांगितला होता.

"ते मागावरचं बोलणं, बाई," ती म्हणाली. "ते शेडबाहेर जात नाही."